गुरूने शिष्यांचे पाय धुतले तो गुरुवार

नाताळची तारीख कधी बदलत नाही. ईस्टरची मात्र दरवर्षी बदलते. याचे कारण असे की, नाताळ सूर्यगतीने चालतो आणि ईस्टर चंद्राकडे पाहून ठरतो. २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, हा ईस्टरचा नियम होय. साहजिकच हा सण बहुतेक वर्षी आपल्या चैत्री पौर्णिमेच्या, तर काही वर्षी फाल्गुनी पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. त्याच्या आधीचा गुरुवार १९ मार्च ते २२ एप्रिल या दरम्यान केव्हाही पडतो. २०२६ च्या पंचांगात तर २ एप्रिलच्या गुरुवारी हनुमान जयंती आणि ख्रिस्ती जनांचा पवित्र गुरुवार एकाच दिवशी येतात. पहाटे मारुतीच्या देवळात जन्मोत्सव आणि सायंकाळी जवळच्याच चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी, असा तो योग आहे.

नवी मुंबईकरांस या दिवसाची ओळख असावयास हवी. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, खाडीपलीकडे नवे नगर उभे राहिले आणि एकेका जिन्यावर मराठी, मल्याळी, कोकणी, तमिळ अशी बिऱ्हाडे शेजारी शेजारी नांदू लागली. उरण-करंजाच्या बाजूस तर पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती वस्ती आहे. नाताळचा केक आपल्या घरी येतो, आपला दिवाळीचा फराळ त्यांच्या घरी जातो. परंतु या गुरुवारी शेजारी काय चालते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कारण या दिवशी रोषणाई नाही, फटाके नाहीत, नवे कपडेही नाहीत.

इंग्रजीत या दिवसास मॉन्डी थर्सडे म्हणतात. मॉन्डी हा शब्द लॅटिन भाषेतील ‘मंदातुम’ म्हणजे आज्ञा, यावरून आला. मल्याळी ख्रिस्ती त्यास ‘पेसहा व्याळम’ म्हणतात. व्याळम म्हणजे गुरू ग्रह, अर्थात आपला गुरुवारच. पेसहा म्हणजे यहुदी लोकांचा वल्हांडण सण. मिसर देशातील गुलामगिरीतून सुटण्याच्या रात्री कणीक आंबण्यासही वेळ मिळाला नाही, म्हणून बिनखमिराची भाकर खाऊन यहुदी निघाले. त्याची ही स्मृती. हा सण आपल्या कोकणाला परका नाही. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल, ज्यांना गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणत, ते हा सण शतकानुशतके पाळीत आले. त्यांच्या बोलीत त्याचे नाव होते ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. आंबवलेले त्या दिवसांत वर्ज्य, एवढी खूण त्यांनी मराठी नावात जपली होती. पनवेल येथे १८४९ साली बांधलेले त्यांचे सिनेगॉग आहे.

याच वल्हांडणासाठी येशू ख्रिस्त आपल्या बारा शिष्यांसह यरुशलेमेस आला होता. पौर्णिमेचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी त्याला क्रुसावर चढविले जाणार होते आणि ते त्यास ठाऊक होते, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. त्या रात्रीच्या भोजनात दोन गोष्टी घडल्या. येशूने भाकर मोडून आणि द्राक्षारसाचा प्याला देऊन ‘हे माझे शरीर, हे माझे रक्त’ या अर्थाचे शब्द उच्चारले. हे पहिल्या तीन शुभवर्तमानांत येते. चौथे शुभवर्तमान योहानाचे. त्यात भाकरीचा प्रसंग नाही. त्या जागी वेगळेच काही आहे. येशू भोजनावरून उठतो, अंगावरची वस्त्रे उतरवून कमरेस पंचा गुंडाळतो, एका पात्रात पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसू लागतो.

त्या काळी धुळीच्या रस्त्याने आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे घरातील दासाचे काम होते. म्हणूनच पेत्र नावाचा शिष्य पाय मागे घेतो. माझे पाय तुम्ही कधीही धुवावयाचे नाहीत, असे म्हणतो. धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा संबंध उरणार नाही, असे येशूने बजावल्यावर तोच पेत्र हातही धुवा, डोकेही धुवा, अशी विनवणी करतो. हा भोळा, उतावीळ भक्त आपल्या वारकरी परंपरेत सहज शोभला असता. परंतु या प्रसंगातील अधिक गूढ भाग दुसराच आहे. ज्याने येशूला पकडून दिले तो यहूदा इस्कार्योत त्या वेळी तेथेच बसला होता. योहानाच्या कथनानुसार तो नंतर उठून गेला. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. पाय धुऊन झाल्यावर येशूने सांगितले की, मी गुरू असून हे केले, तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत. याच रात्री त्याने एकमेकांवर प्रीती करण्याची नवी आज्ञा दिली आणि तिच्यावरून दिवसास नाव पडले.

आपल्याकडे पाद्यपूजा आहे, लग्नात वधूपिता जावयाचे पाय धुतो, आल्यागेल्यास पाय धुण्यास पाणी देतो. तथापि हा मान सहसा खालून वर जातो. शिष्याकडून गुरूस, यजमानाकडून अतिथीस. उलट दिशा आपल्या पुराणांस अज्ञात आहे असे मात्र नाही. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात कोणी कोणते काम करावे, याची वाटणी झाली तेव्हा श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम स्वतःकडे घेतले, असे महाभारताच्या सभापर्वात आहे. सुदाम्याचे पायही त्यानेच धुतले. पैठणास नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देव पाणी भरीत होता, ही कथा तर महाराष्ट्रातील प्रत्येक माजघरात सांगितली गेली आहे. देव खाली वाकतो, हे आपणांस पटते. माणसाने माणसापुढे वाकावयाचे ठरले की मग पाऊल अडखळते.

ते कसे अडखळते, याची साक्ष मराठी साहित्यातच आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई आरंभी आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवूनच राहिल्या. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीस बसावे, हा प्रश्न त्यांना कसा जाळीत होता आणि तो गळून कसा पडला, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये इतक्या निर्मळपणे सांगितले आहे की, वाचणाऱ्याचा धर्म कोणताही असो, डोळे पाणावल्याशिवाय राहत नाहीत. एका भाकरीचे आणि एका प्याल्याचे प्रभुभोजन ज्यांनी जन्मभर पंक्तिभेद पाळला होता त्यांच्यासाठी केवढी परीक्षा होती, हे ते पुस्तक वाचल्यावर समजते.

या दिवशी सायंकाळी वाशीच्या सेक्रेड हार्टसारख्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होते आणि प्रवचनानंतर वेदीसमोर बारा जण ओळीने बसतात. धर्मगुरू वरचे वस्त्र उतरवून, कमरेस पंचा बांधून, गुडघे टेकून एकेकाच्या पायावर पाणी घालतात आणि पाय पुसतात. हा विधी प्राचीन असला तरी, गावोगावच्या चर्चमध्ये सायंकाळच्या मिस्सेत तो आला १९५५ सालच्या सुधारणेनंतर. त्या वेळी नियमात पुरुष असा स्पष्ट शब्द होता. कारण येशूचे बारा शिष्य पुरुष होते.

त्या बारा आसनांवर कोणी बसावे, यावरून अलीकडे मोठे मंथन झाले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली, पदावर आल्यास जेमतेम पंधरवडा झाला असता, रोममधील एका बालतुरुंगात जाऊन पाय धुतले. त्या बारांत दोन मुली होत्या आणि त्यांतील एक मुसलमान होती. जानेवारी २०१६ मध्ये स्त्रियांचाही समावेश करता येईल, असा अधिकृत बदल झाला. त्याच वर्षीच्या गुरुवारी त्यांनी रोमजवळच्या निर्वासितांच्या केंद्रात पाय धुतले. त्यांत ख्रिस्ती होते, मुसलमान होते आणि भारतातून आलेला एक हिंदूही होता. २०२४ साली तर स्त्रियांच्या तुरुंगात बाराही जणी स्त्रियाच होत्या. २०२५ च्या गुरुवारी ते आजारी असूनही तुरुंगात गेले, परंतु पाय धुणे त्यांस शक्य झाले नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, त्यांचे निधन झाले.

केरळातून आलेल्या सीरो-मलबार पंथाने मात्र २०१७ साली निराळा निर्णय घेतला. पौर्वात्य परंपरेस अनुसरून आपल्याकडे पुरुषांचे वा मुलांचेच पाय धुतले जातील, असे त्यांच्या प्रमुखांनी कळविले. या पंथाचे कल्याण येथील धर्मपीठ १९८८ साली स्थापन झाले असून, नवी मुंबईत त्याची अनेक चर्चे आहेत. म्हणजे एकाच नगरात, एकाच श्रद्धेने, दोन रीती. परंपरा जपणाऱ्यांची बाजू हलकी लेखण्याचे कारण नाही. रीत जशी आली तशी पुढे द्यावी, ही भावना आपल्याही घराघरांत आहे. तरी एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. घरी आलेल्याच्या पायांवर घालावयास पाण्याचा तांब्या घेऊन येते ती बहुधा घरातील स्त्रीच. तिने आसनावर बसावे आणि कोणी तिच्या पायांशी वाकावे, यात त्या आज्ञेचा अर्थ अधिक उघड दिसतो, असे आम्हांस वाटते.

मल्याळी ख्रिस्ती घरांतील या दिवसाचा खरा सोहळा मात्र चर्चमध्ये नसून स्वयंपाकघरात असतो. तांदूळ आणि उडीद वाटून, ताडी वा खमीर न घालता, वाफेवर पेसहा अप्पम करतात. आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीचा लहानसा क्रूस त्यावर ठेवतात. सोबत नारळाचे दूध आणि गूळ यांचे ‘पेसहा पाल’. आपल्या गूळ-खोबऱ्याच्या खिरीच्या जवळचेच. रात्री प्रार्थना आणि शास्त्रवाचन झाल्यावर घरातील वडीलधारा पुरुष ते अप्पम कापून थोरापासून धाकट्यापर्यंत क्रमाने वाटतो, आणि ते दोन्ही हात पुढे करून भक्तिभावाने घेतात. वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला असेल तेथे हे करीत नाहीत. आप्त वा शेजारी त्यांना आपल्या घरचे नेऊन देतात. वर्षाच्या दुःखात सण न करण्याची आपली रूढी आणि शेजाऱ्याने पुरणपोळीचे ताट धाडण्याची आपली रीत, यांहून हे वेगळे कोठे आहे?

चर्चमध्ये मिस्सेच्या आरंभीच्या स्तोत्राबरोबर घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्या होतात. गोव्यात त्यांच्या जागी ‘मात्राक’ नावाचे लाकडी वाद्य खडखडवितात. त्याच गोव्यात, रायतूर येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, आणि पोथी ऐकावी तशी या रात्रीची कथा भाविक त्यातून ऐकत असत.

मिस्सा संपल्यावर पवित्र प्रसाद मिरवणुकीने बाजूच्या सजविलेल्या वेदीवर नेऊन ठेवतात. मुख्य वेदीवरील वस्त्रे, मेणबत्त्या, फुले सर्व काढून घेतात. दगड तेवढा उघडा राहतो. बागेत प्रार्थना करीत असलेल्या येशूने शिष्यांस तासभर जागे राहावयास सांगितले होते आणि ते झोपी गेले होते, म्हणून लोक पाळीपाळीने मध्यरात्रीपर्यंत त्या प्रसादासमोर निःशब्द बसून राहतात. शुक्रवारी मिस्सा होत नाही. त्या दिवशी भाविकांस दिला जातो तो प्रसाद याच गुरुवारी रात्री जपून ठेवलेला असतो.