कोडमधून उतरणारी स्लाइड

स्लाइड दोन तऱ्हांनी तयार होते. माउसने चौकट ओढायची, मजकूर टाइप करायचा, चित्र इकडून तिकडे सरकवायचे, ही १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी आलेल्या पॉवरपॉइंटने रूढ केलेली तऱ्हा. दुसऱ्या तऱ्हेत मजकूर आणि मांडणी साध्या अक्षरी फाइलमध्ये लिहितात आणि स्लाइड उतरवण्याचे काम प्रोग्रामवर सोपवतात. सोलापूरला ही रीत नवखी वाटू नये. जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी आधी कार्डांच्या भोकांत मांडली जाते. कोणता उभा धागा उचलायचा हे भोक ठरवते. कार्डे तीच असतील तर शंभरावी चादर पहिलीसारखीच उतरते.

या कामाची साधने बरीच आहेत. गणित-विज्ञानाच्या प्राध्यापकांत लाटेकमधले बीमर चालते. ब्राउझरमधल्या स्लाइडसाठी रिव्हील-जेएस, मार्कडाउनमधून स्लाइड करायला मार्प. कचेरीत मात्र पायथन-पीपीटीएक्स सरस ठरते. त्यातून निघालेली फाइल थेट पॉवरपॉइंटमध्ये उघडते आणि साहेबांना शेवटच्या क्षणी हवा तो शब्द बदलता येतो.

फायदा दिसतो तो पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामात. सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. मासिक आढावा बैठकीसाठी प्रत्येकाची एक स्लाइड हवी, तर साचा एकदाच लिहायचा आणि एक्सेलच्या तक्त्यातली एकेक ओळ त्यात भरायला प्रोग्रामला सांगायचे. पुढच्या महिन्यात फक्त तक्ता बदलतो. कॉपी-पेस्टच्या घाईत माढ्याचा आकडा मोहोळला चिकटण्याची धास्ती उरत नाही. तक्त्यातच आकडा चुकला असेल, तर तोही इमानेइतबारे पडद्यावर येतो.

हे सारे पूर्वी कोड येणाऱ्यांपुरते होते. २०२१ मध्ये आलेला गिटहब कोपायलट आणि २०२५ मधला क्लॉड कोड अशा एआय सहायकांनी ती अट सैल केली. काय हवे ते मराठीत सांगितले तरी सहायक प्रोग्राम लिहितो, चालवतो, अडला तर दुरुस्त करतो. पण चौकटीची लांबी-रुंदी प्रोग्रामला ठाऊक असली, तरी मजकूर तिच्यात मावला की नाही, हे त्याला आपोआप कळत नाही. म्हणून तयार फाइलची लिबरऑफिसमधून चित्रे काढून प्रत्येक स्लाइड नजरेखालून घालावी, असे सहायकाला आधीच बजावून ठेवावे.

देवनागरीची एक खोच वेगळी आहे. पायथन-पीपीटीएक्समध्ये फॉन्टचे नाव दिले की ते रोमन अक्षरांपुरते लागू होते; देवनागरीसारख्या लिप्यांसाठी फाइलमध्ये स्वतंत्र नोंद लागते. ती नसेल तर मागितला मुक्ता फॉन्ट आणि आला भलताच, असे होते. सहायकाला नेमके कारण सांगितले तर दुरुस्ती दोन-चार ओळींची असते. बीमरमध्ये मराठी हवी असेल तर झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरणे सोयीचे.

खरा धोका अर्थाचा आहे. उदाहरणार्थ, उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्यावर, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात गेले की आकडा शून्याखाली उतरतो. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सहायकाला मात्र वजा टक्के ही टंकनाची चूक वाटू शकते. तो आकडा गाळेल किंवा आलेखाचा अक्ष शून्यापासून सुरू करेल. प्रोग्राम बिनतक्रार चालेल, स्लाइड देखणी दिसेल आणि दुष्काळाचे महिने कोरे राहतील. अशी चूक एरर म्हणून कुठेच उमटत नाही. ती पकडायला उजनी ठाऊक असलेला माणूसच लागतो.

निरोप समारंभाच्या पाच स्लाइडसाठी हा खटाटोप व्यर्थ आहे. तिथे माउसच बरा. ज्यांना दर महिन्याला तेच सादरीकरण नव्या आकड्यांनी करावे लागते, त्यांनी सुरुवात मागच्या महिन्याच्या तक्त्यापासून करावी. हाताने केलेली प्रत शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहता येतो.