अंगणातल्या झाडाचा बुंधा मोकळा ठेवा

कात्रजच्या डोंगरउताराला मातीचा थर पातळ. खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. अंगणातल्या आंब्याची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. त्यांवर फरशी घातली की पाणी मुरत नाही, हवाही पोचत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते याचसाठी. घरच्या अंगणात मात्र मीटरावर थांबू नका. जमेल तेवढी जमीन उघडी ठेवा.

दुसरी चूक कट्टा बांधून आत माती भरण्याची. बुंध्याला माती टेकली की साल ओली राहते, कुजते. बुंधा जिथे रुंदावून जमिनीत शिरतो, तो भाग कायम दिसला पाहिजे. बसायला हवं तर बाक ठेवा.

मोकळ्या मातीवर वाळक्या पाल्याचा दोन-तीन इंच थर द्या, बुंध्यापासून वीतभर जागा सोडून. विरळ सावलीत हळद, आलं, नेचे छान येतात. त्यासाठी सगळं खणू नका. पहिला पाऊस मुरला की मुळं चुकवत लहान खड्डे करा. आणि पडलेला पाला जाळू नका, झाडाखालीच राहू द्या.