खिळे, ठोकळा आणि शब्द

इंग्रजी भाषेत 'क्लिशे' असा एक शब्द आहे. वारंवार वापरल्यामुळे जिचे तेज उतरले आहे, अशा शब्दयोजनेला किंवा कल्पनेला क्लिशे म्हणतात. हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. तो त्यांनी फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंच भाषेत त्याचा जन्म झाला तोही पंडितांच्या सभेत नव्हे, तर छापखान्यात!

पूर्वी छापखान्यात प्रत्येक अक्षराचा शिशाच्या मिश्रधातूचा वेगळा खिळा असे. जुळारी खिळ्याला खिळा लावून ओळी जुळवी. छपाई संपली की सर्व खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणांत टाकावे लागत. तेच पुस्तक पुन्हा काढायचे झाल्यास सारा खटाटोप पहिल्यापासून! म्हणून अठराव्या शतकात युरोपातील मुद्रकांनी एक युक्ती काढली. जुळवलेल्या पानाचा साचा घ्यावयाचा, त्यात वितळलेला धातू ओतावयाचा, की अख्खे पान एकसंध ठोकळ्याच्या रूपाने हाती येई. फिर्मँ दिदो या फ्रेंच मुद्रकाने या पद्धतीला 'स्टिरिओटाइप' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'स्तेरेओस' म्हणजे घट्ट. अशा ठोकळ्यालाच फ्रेंच कारागीर 'क्लिशे' म्हणत. वितळलेल्या धातूवर साचा आपटताना होणाऱ्या आवाजावरून हा शब्द पडला, असे मानतात. आपल्या 'खळखळ', 'धडधड' या शब्दांचा जन्मही असाच नाही का?

ठोकळ्याने पुस्तके स्वस्त झाली, हा त्याचा मोठाच उपकार. मात्र त्यातील एकही अक्षर हलवता येत नसे. पुढे एकोणिसाव्या शतकात, आधीच ओतून ठेवलेल्या अशा वाक्यांनाही लोक क्लिशे म्हणू लागले. मराठीतील 'ठोकळेबाज' आणि 'साचेबंद' ही विशेषणे त्याच्या अगदी जवळची आहेत.

शाळेतील निबंधांत असे ठोकळे विपुल आढळतात. पाऊस आला की धरती 'हिरवा शालू' नेसते आणि गावाची नदी 'खळखळ' वाहते. ज्याने प्रथम धरतीला शालू नेसवला, त्याने ती खरोखर पाहिली असेल. नंतरच्यांनी केवळ त्याची वही पाहिली! लातूरचेच उदाहरण घ्या. या शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण २०१६ साली कोरडे पडले. तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी आली, ती दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या उन्हाळ्यात लातूरच्या एखाद्या मुलाने 'आमच्या गावाची नदी खळखळ वाहते' असे लिहिले असते, तर ते वाक्य व्याकरणाने शुद्धच ठरले असते. पण रांगेतील रिकाम्या घागरी, पाण्याची पाळी आणि रुळांवर थांबलेल्या वाघिणी, यांना त्यात जागा कोठे होती?

संस्कृतातून आलेले आपले शब्द याहून जुने आहेत. चावलेलेच पुन्हा चावणे म्हणजे चर्वितचर्वण. दळलेले पीठ पुन्हा दळणे म्हणजे पिष्टपेषण. लातूर-नांदेडकडील ज्वारीच्या मुलखात, जेथे घरोघर जात्याची घरघर ऐकू येई, तेथे हा दुसरा शब्द कोणालाही फोड करून सांगावा लागला नसता. दळणे पहाटेच्या झोपेचे मोल देऊन होई. दळलेले पुन्हा कोण दळील?

त्याच जात्यावर बायका ओव्या गात. त्यांची चाल ठरलेली, पुष्कळदा आरंभीचे शब्दही ठरलेले. मग या ओव्याही ठोकळेच काय? तसे म्हणता येत नाही. ठरलेल्या आरंभानंतर दळणारी आपल्या माहेराचे, आपल्या भावाचे, आपल्या दुःखाचे शब्द घाली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत तेच आरंभ कितीदा तरी भेटतात, आणि पुढच्या ओळीत दर वेळी एखादी निराळीच बाई बोलू लागते.