मुलांनो, मंचावर ताठ उभे राहा!

शाळेचे स्नेहसंमेलन आले की आमच्या वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला पडदा ओढण्याचे काम येई. संवाद दुसऱ्यांना. म्हणून आम्ही अलिबागजवळच्या आमच्या विहारात रविवारची तालीम सुरू केली. प्रसंग निवडला आपल्याच जिल्ह्यातला : महाडचे चवदार तळे, २० मार्च १९२७.

मुलांना आम्ही चारच गोष्टी सांगतो. आवाज घशातून ओरडून नको, पोटात श्वास भरून काढावा. शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू गेला पाहिजे. बोलताना प्रेक्षकांकडे पाठ नको. मंचाची उजवी बाजू म्हणजे नटाची उजवी. आणि दुसरा बोलत असताना त्याचे नीट ऐकावे.

१९३०च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, तो असाच गाऊन, बोलून, करून दाखवून.

परवा एक लाजरी मुलगी ओंजळ झटकन तोंडाशी नेत होती. आम्ही म्हणालो, "सावकाश, बाळ. या पाण्यासाठी किती पिढ्या थांबल्या, ते दिसू दे." तिने ओंजळ सावकाश उचलली, तेव्हा आयाबायांचे डोळे भरून आले.

पालकहो, मुलांना तालमीला पाठवा. मंचावर बोलायला शिकलेले मूल उद्या मुलाखतीत गप्प बसणार नाही.