चोचीत अळी धरून थांबलेला चिरक

दौलताबादच्या किल्ल्यावर येणारे बहुतेक जण खंदक, अंधारी आणि मेंढा तोफ पाहून उतरतात. तटाच्या फटीत चाललेला संसार नजरेतून निसटतो.

तो असतो चिरक पक्ष्याचा. नर काळा, खांद्यावर पांढरी रेघ, शेपटीखाली तांबूस, मादी मातकट. मार्चपासून विणीला सुरुवात होते. दगडांच्या भोकात गवत, मुळ्या आणि केसांचं घरटं. कधी त्यात सापाची कातही सापडते. अंडी मादी एकटी उबवते. दहा-बारा दिवसांत पिल्लं बाहेर आली, की भरवायला दोघंही जुंपतात. पिल्लाची विष्ठा पातळ पिशवीत बंद होऊन येते. ती उचलून दूर नेऊन टाकायचं कामही त्यांचंच.

निरीक्षकाची कसोटी इथेच लागते. चिरक चोचीत अळी धरून दगडावर बसलाय, शेपटी वर-खाली करतोय, पण फटीत शिरत नाही, याचा अर्थ माणूस फार जवळ आलाय. घरट्याचा ठावठिकाणा कुणाला कळू नये म्हणून तो ताटकळतो आणि तेवढा वेळ पिल्लं उपाशी राहतात. मागं सरून दुर्बीण लावली, की फेऱ्या पुन्हा सुरू होतात. फोटोसाठी घरट्याआड येणारी फांदी छाटणं तर गुन्हाच ठरू शकतं: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी-घरटी विचलित करणंही येतं.

एप्रिल 2025 मध्ये किल्ल्यावर आग लागली, गवत आणि झुडपं जळाली. ते दिवस नेमके विणीचे होते, हे फार वाईट.

पावसाच्या तोंडावर पावशा ‘पेर्ते व्हा’ ओरडू लागतो, चातकही येतो. दोघांचा डोळा सातभाई पक्ष्यांच्या घरट्यावर, आपली अंडी ते त्यातच घालतात. सातभाईंची अंडी निळी, या पाहुण्यांचीही निळीच. सातभाईंत पिल्लांना भरवायला आई-बापांबरोबर थव्यातले इतरही येतात. त्या पंगतीत परकं पिल्लूही पोसलं जातं.

अनेक पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. सीताफळीखाली असं पंख फुटलेलं पिल्लू दिसलं, की ते अनाथ आहे असं समजून लोक घरी नेतात. आई-बाप बहुधा जवळच चारा घेऊन थांबलेले असतात. वाटेत असेल तर उचलून शेजारच्या झुडपात ठेवावं आणि तिथून निघावं. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत खोटी आहे.