हब की स्विच?

मुलांनो, शाळेच्या संगणक-खोलीत टेबलाखाली एकदा डोकावून बघा. सगळ्या संगणकांच्या वायरी एका चपट्या डबीत गेलेल्या दिसतील. ही डबी हब आहे की स्विच, हे वरून चटकन कळत नाही. पण दोघांच्या स्वभावात फार फरक आहे, बरं का!

हब अगदी भोळा. एका संगणकाने निरोप धाडला, की तो उरलेल्या सगळ्यांना पोचवतो. ज्याचा असेल तो घेतो, बाकीचे सोडून देतात. दोघे एकदम बोलले तर निरोपांची टक्कर होते आणि दोघांनाही थांबून पुन्हा पाठवावं लागतं. शिवाय वेगही वाटून घ्यायचा. सेकंदाला १० मेगाबिटचा हब असेल आणि ५ संगणक एकदम कामाला लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर २ मेगाबिट!

स्विच मात्र पोस्टमनकाकांसारखा. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा पत्ता असतो. निरोप आला, की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तो कोणत्या पोर्टमधून आला, हे टिपून ठेवतो. घेणाऱ्याचा पत्ता ठाऊक नसेल, तर पहिल्यांदा तोही सगळ्यांकडे निरोप पाठवतो. पण उत्तर आलं, की घर सापडलं! पुढचे निरोप थेट त्याच दारी.

असा पहिला इथरनेट स्विच १९९० साली अमेरिकेतल्या एका कंपनीने बाजारात आणला. तिचं नाव काय ठाऊक आहे? ‘कल्पना’! विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. १९९४ मध्ये ‘सिस्को’ने ती विकत घेतली.

आता थोडं पालकांसाठी. कुणी शाळेला जुना हब फुकट देऊ केला, तरी स्विचच घ्यावा. हबवर एकाची माहिती सगळ्यांच्या संगणकांपर्यंत जाते. खोडकर डोळ्यांना ती वाचण्याची संधी मिळते. स्विचने हा धोका बराच कमी होतो. मात्र बाहेरून येणारं इंटरनेटच संथ असेल, तर स्विच तरी काय करणार?

पोर्ट मोजूनच खरेदी करा. ६ संगणक, १ प्रिंटर आणि इंटरनेटची १ वायर, झाले ८. उद्या सातवा संगणक आला तर? म्हणून १६ पोर्टचा बरा.

आणि मुलांनो, एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये कधी खुपसू नका. साध्या स्विचमध्ये निरोप गोल गोल फिरत राहतात आणि सगळ्या वर्गाचं काम ठप्प होतं!