गुरुजींच्या प्रयोगालाही बियाणं द्या

शेतकरी बंधूंनो, नवीन वाण आपण सगळ्या रानात एकदम पेरत नाही. दोन-चार सरींत लावून आधी पाहतो. शाळेत गुरुजी असंच करून पाहतात, त्याला ‘कृतिसंशोधन’ म्हणतात. पोरांची हातच्याची वजाबाकी कुठं अडते हे चाचणी घेऊन तपासायचं, महिनाभर काड्यांचे गठ्ठे देऊन शिकवायचं, पुन्हा चाचणी घेऊन फरक टिपायचा.

याला पैसा थोडाच लागतो, पण लागतो. २००१ सालच्या सर्व शिक्षा अभियानात साहित्यासाठी दर शिक्षकामागे वर्षाला ५०० रुपये असत. २०१८ पासून समग्र शिक्षेत शाळेला पटानुसार एकत्रित अनुदान येते. त्यातच वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता. प्रयोगाचा नंबर शेवटी.

शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. शाळेचा विकास आराखडा तीच करते, अनुदानाच्या खर्चावर लक्षही तीच ठेवते. तेव्हा पालकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी पुढच्या बैठकीत गुरुजींना विचारावे: यंदा काय करून पाहणार? किती खर्च येईल? तो आकडा आराखड्यात घाला. वर्षअखेरीला नोंदवही मागून पाहा. प्रयोग फसला असेल तरी नोंद हवीच. पुढच्या वर्षी तीच उपयोगी पडते.